जरा टेबलावर वाजवून दाखवा

मराठी घरात कुणाच्याही छातीत काहीही झालं तरी पहिलं निदान गॅसचंच होतं. दुखलं तर गॅस, जळजळलं तर गॅस, भरून आलं तर गॅस, आणि धडधडलं तर अडकलेला गॅस. हा गॅस नेमका कुठून निघतो, कुठे अडकतो आणि हृदयाला जाऊन का भिडतो, हे कुणी विचारत नाही. तळहातावर ओवा आणि काळं मीठ येतं, पाठोपाठ कोमट पाणी येतं, आणि घरातलं वडीलधारं माणूस "एक ढेकर आला की मोकळं वाटेल" असं भविष्य वर्तवून पुन्हा मालिकेकडे वळतं. ढेकर येतो. पुष्कळदा धडधडही थांबते, कारण ती तशीही थांबणारच होती. श्रेय ओव्याला जातं.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गॅस हे फक्त प्राथमिक निदान असतं. बातमी जिना उतरू लागली की तज्ज्ञ वाढतात. तळमजल्यावरच्या आजींच्या मते दृष्ट लागली आहे. शेजारच्या मावशींच्या मते हे पित्त, सबब चहा सोडावा आणि आवळा धरावा. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका छातीठोकपणे ब्लॉकेज सांगतात, कारण त्यांच्या साडूला ब्लॉकेज निघालं होतं. कॉलेजात जाणारा भाचा मोबाईलमधून मान वर न काढता "पॅनिक अटॅक" एवढंच म्हणतो. या सगळ्या चर्चेत ज्याला धडधडतंय त्याचं मनगट धरून नाडी मात्र कुणी मोजत नाही. ती फुकट मोजता येते, म्हणूनच बहुधा तिच्यावर कुणाचा विश्वास नाही.

खरं तर हृदय कधीच गप्प बसलेलं नसतं. मोठ्या माणसाचे बसल्या जागी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला लाखभर. नियमित पळणाऱ्यांचं चाळीस-पन्नासवरही मजेत भागतं. हे लाखभर ठोके आपल्याला जाणवत नाहीत ही मोठीच मेहेरबानी, नाहीतर पृथ्वीवर कुणाला कामात लक्ष देता आलं नसतं. ते जाणवायला लागले की आपण त्याला धडधड म्हणतो. तेव्हा हृदय भरभर चाललेलं असेल, जोरात चाललेलं असेल, अडखळत असेल, किंवा अगदी रोजच्यासारखंच चाललेलं असेल आणि आपलंच लक्ष तिकडे गेलेलं असेल. हा शेवटचा प्रकार रात्री फार. दिवे मालवलेले, टीव्ही बंद, आणि माणूस डाव्या कुशीवर. या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं, कान उशीत दाबलेला असतो, आणि दिवसभर जे चालूच होतं ते आता ऐकू येतं. मग माणूस उठतो, पाणी पितो, मोबाईल उघडतो आणि "रात्री छातीत धडधड" असं शोधतो. त्यानंतरची धडधड मात्र खरी असते.

धडधडायलाच हवं अशाही जागा आहेत. डोंबिवली स्टेशनचा पूल ही त्यातली एक. खाली फास्ट लोकल शिरताना दिसते आहे, हातात डबा, पाठीवर लॅपटॉप, आणि मध्ये सबंध जिना. इथे नाडी दीडशेवर गेली तर हृदय आपलं काम चोख करतं आहे असं समजावं. २२० मधून वय वजा केलं की कमाल वेगाचा ढोबळ अंदाज येतो. पन्नाशीच्या माणसाला १७०. गाडीत घुसून, कुणाच्या तरी बॅगेत नाक खुपसून उभं राहिल्यावर हीच नाडी दिवा, मुंब्रा जाईपर्यंत आपोआप खाली येते. ताप, भीती, रिकामं पोट, जुलाबांनंतर शरीरातलं कमी झालेलं पाणी, मुलाचा दहावीचा निकाल, यातल्या कुठल्याही कारणाने वाढलेली नाडी अशीच वागते. हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. हे "हळूहळू" लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरा प्रकार ठोका चुकल्याचा. यात खरं तर चुकत काहीच नाही, एक ठोका वेळेआधी पडतो. हृदय पुरतं भरायच्या आत पडल्यामुळे तो फुसका जातो. मग नेहमीपेक्षा जरा लांब विश्रांती होते, तेवढ्यात हृदय जास्त भरतं, आणि पुढचा ठोका दणकून बसतो. माणसाला जाणवते ती ही पोकळी आणि तो दणका. असे आगंतुक ठोके धडधाकट माणसांतही पडतात. चोवीस तास यंत्र लावून बसलं तर बहुतेकांकडे थोडे तरी निघतातच. ते दिवसाला हजारोंनी पडत असतील किंवा हृदय आधीच कमजोर असेल, तर गोष्ट वेगळी, त्यावर उपचार लागतात. एरवी तपासून झाल्यावर डॉक्टर सांगतात, "दुर्लक्ष करा." आणि पैसे मोजून दुर्लक्ष करण्याचा सल्ला घेणं आपल्या स्वभावात नाही. गोळी हवी. निदान एखादं लाल रंगाचं टॉनिक तरी हवंच.

पण डॉक्टरांकडे जाऊन आपण सांगतो तरी काय? "छातीत कसंतरी होतं." मराठी रुग्णाने डॉक्टरला द्यायची याहून मोठी शिक्षा नाही. या "कसंतरी"त जळजळ येते, धाप येते, चमक येते, सुनेचं वागणं येतं आणि धडधडही येते. म्हणून जाणते डॉक्टर एक साधी युक्ती करतात. म्हणतात, जरा टेबलावर वाजवून दाखवा.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे सांगण्यात आलं तेव्हा सोबत म्हणून मी शेजारच्या खुर्चीत होतो. (साडूच्या ब्लॉकेजवर अधिकारवाणीने बोलणारे काका स्वतःवर पाळी आल्यावर मात्र गॅसवर ठाम होते, काकूंनी ओढून आणायला लावलं म्हणून आले.) काका भजनी मंडळात तबला वाजवतात. आजवर त्यांना "पुरे" असंच सगळ्यांनी सांगितलेलं. आपण होऊन "वाजवून दाखवा" म्हणणारा हा पहिलाच माणूस. त्यांनी प्रिस्क्रिप्शनचं पॅड बाजूला सारलं, मनगटं सैल केली आणि पेशकार धरला. डॉक्टरांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "काका, कला नको, तक्रार वाजवा."

तेव्हा कुठे काकांनी डोळे मिटले आणि एका बोटाने सरळ, न थांबता, एका लयीत टकटकटकटक सुरू केलं. द्रुत म्हणजे अतिद्रुत. सम नाही, खाली नाही.

"सुरू कशी होते?"

"एकदम. बटण दाबल्यासारखी."

"आणि जाते?"

"तशीच. एकदम."

डॉक्टरांचा लिहिता हात तिथे थांबला. पुलावरची धडधड हळूहळू चढते-उतरते. ही एका क्षणात लागते आणि एका क्षणात विझते, तिची लय यंत्रासारखी सरळ असते आणि नाडी बसल्या जागी दीडशे ते सव्वादोनशेच्या घरात जाते. अशा माणसांच्या हृदयात बहुधा विजेचा एक जास्तीचा मार्ग असतो, पुष्कळांत तो जन्मापासूनच असतो. एखादा ठोका त्यात सापडला की तोच संदेश गोल गोल फिरत राहतो. याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात. हे सहसा जिवावरचं नसतं, पण त्यावर नीट उपचार आहेत. पायाच्या जांघेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन तो जास्तीचा मार्ग जाळून बंदही करता येतो. एवढं सगळं टेबलावरच्या एका बोटाने सुचवलं. मध्येच एक "धा" वेळेआधी पडला आणि पुढे पोकळी, तर तो वर सांगितलेला आगंतुक. आणि कुठल्याही तालात न बसणारं, दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं, असं वाजलं तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. हे वाजवून दाखवणं तबलजीला फार जड जातं. शिकलेला हात आपोआप लयीवर येतो. त्यापेक्षा ज्यांना कधीच ताल कळला नाही, त्यांच्याकडून या आजाराचं वर्णन जास्त अचूक मिळतं.

नाडी हातात धरून काहीतरी ओळखण्याची आपली रीत जुनीच. शार्ङ्गधरसंहितेत वाताची नाडी साप आणि जळवेच्या चालीने जाते, पित्ताची बेडूक आणि कावळ्याच्या, कफाची हंस आणि पारव्याच्या. त्यातलं खरं-खोटं वैद्य आणि डॉक्टर आपसात बघून घेतील. पण त्या काळच्या वैद्याने निदान रुग्णाचा हात तरी हातात घेतला होता. आता आपला हात घड्याळाने धरला आहे.

संध्याकाळी बागेत बाकावर बसलेल्या मंडळींचं बोलणं ऐका. पूर्वी तिथे पेन्शन आणि जावई हे विषय असत. "काल झोपेत माझी ५४ होती." "अहो, माझी ५१!" ५१वाला विजयी मुद्रेने उठून आणखी एक फेरी मारतो. तिसरा गृहस्थ गप्प असतो, कारण त्याची ७८ आहे आणि ती त्याला लाजिरवाणी वाटते, वास्तविक ती उत्तम आहे. घड्याळाच्या पोटातला हिरवा उजेड कातडीखालून जाणारं रक्त बघून ठोके मोजतो. पट्टा सैल असेल, हात गार असेल किंवा माणूस हातवारे करत भांडत असेल, तर तो काहीही मोजतो. दर पाच मिनिटांनी आकडा बघणाऱ्याचा आकडा बघण्यानेच वाढतो, हेही ओघाने आलं. तरी मी घड्याळाला नावं ठेवणार नाही. काही घड्याळांत बोट टेकवून अर्ध्या मिनिटाचा एकपदरी ईसीजी निघतो, आणि धडधड चालू असताना तो काढून ठेवला तर डॉक्टरांच्या खरोखर उपयोगी पडतो. मात्र हार्ट अटॅक ओळखणं घड्याळाच्या आवाक्यातलं नाही. छातीत दुखत असताना "घड्याळात सगळं नॉर्मल आहे" म्हणून घरी बसणारा माणूस घड्याळापेक्षा कमी हुशार आहे.

घड्याळ नसलं म्हणून अडत नाही. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवायची, अंगठा ठेवायचा नाही, कारण त्याच्यात स्वतःची नाडी उडत असते. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची, लय वेडीवाकडी वाटली तर पूर्ण मिनिट मोजायची, आणि आकडा, वेळ, सुरुवात अचानक झाली की हळूहळू, एवढं कागदावर लिहायचं. कागद कुठलाही चालतो. दूधवाल्याच्या हिशेबाचाही चालेल.

हे लिहून ठेवायचं ते एका कारणासाठी. धडधडीला दवाखान्याची पायरी चढवत नाही. घरी तासभर छातीत ढोल-ताशा वाजत असतो. रिक्षा मिळेपर्यंत चालू, रिक्षा सिग्नलला अडते तेव्हा चालू, आणि ईसीजीच्या खोलीत उताणं झोपवून, छातीला गार जेल लावून यंत्र सुरू केलं की हृदय आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं पावलं टाकू लागतं. कागद बाहेर येतो, त्यावर "नॉर्मल" असं छापलेलं. बरोबर आलेले काका-मामा एकमेकांकडे बघतात. "म्हटलं नव्हतं, गॅस आहे?"

या लपंडावावर शास्त्रज्ञांनी केवढा घाम गाळला आहे! विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडन शहरात ईसीजीचं यंत्र उभं केलं, ते सुमारे २७० किलोचं होतं. चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून त्याला बसवायचं. यंत्र काही हलवता येईना, म्हणून १९०५ साली दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णाच्या ठोक्यांची खबर टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणली. १९२४ मध्ये या गृहस्थांना नोबेल मिळालं. पुढे अमेरिकेतल्या मोंटानाचे नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचे ठोके टिपायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांचं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं आणि ते पाठीवर बांधून फिरावं लागे. ३८ किलो पाठीवर घेतल्यावर कुणालाही धडधडेल, हा विचार त्यांच्याही मनात आला असणार. आता होल्टर खिशात मावतो. छातीवर चार-सहा चिकटपट्ट्या, कमरेला डबी, आणि चोवीस तास आंघोळीला सुट्टी.

होल्टर लावल्यावर आपली माणसं जे वागतात ते वेगळं प्रकरण आहे. एरवी तीन जिने चढणारा गृहस्थ त्या दिवशी पलंगावर पडून राहतो. चहा बंद, भांडण बंद, बातम्या बंद. साधुपुरुषाचा अहवाल घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो आणि निदान होत नाही म्हणून कुरकुरतो. अहो, धडधड पकडायची आहे ना? मग रोजच्यासारखं जगा. जिना चढा, चहा प्या, बाजारात जाऊन भाजीवाल्याशी घासाघीस करा, आणि सोबत दिलेल्या वहीत लिहा. मी पाहिलेल्या एका वहीत काकूंनी फार नेमकं लिहिलं होतं: "१०.४०, नणंदेचा फोन, धडधड. ११.१५, वीजबिल आलं, धडधड नाही, चक्कर." दुसरी गोष्ट अशी, की तीन महिन्यांतून एकदा येणारी धडधड चोवीस तासांच्या होल्टरमध्ये सापडली नाही, तर ती नाही असं सिद्ध होत नाही. आठवडा-दोन आठवडे लावायच्या पट्ट्याही निघाल्या आहेत, त्याबद्दल विचारायला संकोच करू नये.

डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात, त्याचं खरं उत्तर महाराष्ट्रात सहसा मिळत नाही. "काय काय घेता?" चहा "दोनच कप" असतो, त्यात शेजारी गेल्यावर घेतलेला, ऑफिसातली कटिंग आणि "अर्धाच दे" म्हणून घेतलेले पाच अर्धे धरलेले नसतात. तंबाखू "कधीतरी", मिश्री "फक्त दात घासायला". सर्दीची गोळी ही गोळीत मोजली जात नाही, पण नाक मोकळं करणारी कित्येक औषधं हृदयालाही पळवतात. दम्याचा पंप पळवतो. थायरॉइडची गोळी जास्त झाली तर पळवते आणि थायरॉइड स्वतः जास्त काम करू लागलं तरी पळवतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलं की ठोके अडखळतात. आणि लग्नसराईत किंवा थर्टीफर्स्टला "एकदाच" झालेली भरपूर दारू दुसऱ्या दिवशी लय बिघडवते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ साली याला सुट्टीतलं हृदय अशा अर्थाचं नावही दिलं. तेव्हा जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जावं, वजन कमी करायची पावडर आणि कुणा भाचीने दिलेली हर्बल कॅप्सूल धरून.

बायकांच्या बाबतीत मात्र विनोद जरा आवरता घ्यावासा वाटतो. पुरुषाला धडधडलं तर गॅस, बाईला धडधडलं तर टेन्शन. "तू विचार फार करतेस" हे निदान नवऱ्यापासून डॉक्टरपर्यंत कुणीही नाडी न बघता करतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं. ही धडधड विचारांनी आलेली नसते आणि विचार सोडून जात नाही. पाळीत जास्त रक्त जात असेल, थायरॉइड असेल, पाळी जायचं वय असेल, तर साधी रक्ततपासणी पुष्कळ सांगून जाते. आणि काकांना होता तो एसव्हीटी? १९९७ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांची लक्षणं पॅनिकच्या व्याख्येत चपखल बसत होती, आणि अनेकांना आधी चिंतेचंच निदान मिळालं होतं, त्यात बायका जास्त. अचानक मिनिटाला १९० ठोके पडायला लागल्यावर माणूस घाबरणारच. घाबरला म्हणून ठोके वाढले असं म्हणणं म्हणजे घोडं पुढे की गाडी, तेच न बघणं.

काकांच्या उपचाराची हकीगत सांगायची राहिली. डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "पुन्हा झालं तर कुंथा." काका माझ्याकडे बघू लागले. आयुष्यभर "कुंथू नका, पालेभाजी खा" ऐकलेला माणूस, त्याला एमडी झालेले गृहस्थ कुंथायला सांगताहेत! पण त्यात शास्त्र आहे. बोलोन्याच्या अंतोनियो वालसाल्वा या वैद्याने १७०४ साली कानातला पू बाहेर काढण्यासाठी नाक-तोंड मिटून जोर करायची पद्धत लिहून ठेवली. त्याच जोराने छातीतला दाब बदलतो, हृदयाला आवर घालणारी नस जागी होते आणि फिरत बसलेला संदेश तुटू शकतो. सुधारलेली रीत अशी: १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं, मग लगेच आडवं होऊन दुसऱ्याने पाय वर उचलून धरायचे. २०१५ साली इंग्लंडमधल्या रुग्णालयांत हे तपासलं, तेव्हा नुसतं बसून कुंथणाऱ्यांपैकी १७ टक्के आणि पाय वर केलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांची लय एका मिनिटानंतर जागेवर आलेली होती. अर्थात निदान झाल्यावर, डॉक्टरांनी शिकवल्यावरच हे करायचं. काकूंनी पाय धरायचं काम आनंदाने पत्करलं आहे.

डॉक्टरांना शिकवणारे रुग्ण प्रत्येक सोसायटीत असतात. त्यातला एक खरा निघाला, त्याची नोंद वैद्यकात आहे. १९१२ साली कारेल वेंकेबाख या डच डॉक्टरांकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी वेडीवाकडी, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर म्हणाले, यावर माझ्याकडे उपाय नाही. व्यापारी म्हणाला, माझ्याकडे आहे, उद्या सकाळी येतो. आणि आला तो सरळ नाडी घेऊन. पूर्वेकडच्या व्यापारात सवयीचं झालेलं हिवतापावरचं क्विनाइन त्याने घेतलं होतं. पुढे क्विनाइनच्याच भावंडातून हृदयाची लय सुधारणारं औषध निघालं. आमच्या सोसायटीतल्या तज्ज्ञांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगितलेली नाही. क्विनाइन स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे, आणि ओव्याची गादी त्यांनी सोडली तर पुढे काय येईल सांगता येत नाही.

या एट्रियल फिब्रिलेशनला हसण्यावारी नेऊ नये. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त एका कोपऱ्यात साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट वाढतो, आणि तो रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी बराच कमी करता येतो. गंमत म्हणजे अशा कित्येकांना धडधड फारशी जाणवतही नाही. म्हणून घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसाची नाडी अधूनमधून धरून बघावी. बेताल लागली तर त्याला बरं वाटत असलं तरी त्याच आठवड्यात ईसीजी काढून घ्यावा.

आता घाई कधी करायची. धडधड किती जोरात आहे यावरून काही ठरत नाही, तिच्यासोबत काय आलं आहे ते बघायचं. छातीत दुखतंय, धाप लागली आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, दरदरून घाम फुटला आहे, माणूस बेशुद्ध पडला किंवा पडता पडता वाचला, बसल्या जागी नाडी १२० च्या वर जाऊन खाली यायचं नाव घेत नाही: अशा वेळी ओवा शोधायला स्वयंपाकघरात जाऊ नये, स्वतः स्कूटर काढू नये, १०८ ला फोन करावा किंवा कुणाला तरी घेऊन जवळच्या रुग्णालयात जावं. पळताना, खेळताना, जिना चढतानाच धडधड होऊन चक्कर येत असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, आधी अटॅक, बायपास किंवा झडपेचा त्रास झालेला असेल, पोटात बाळ असेल, तर धडधड थांबली म्हणून सुटलो असं समजू नये. तिथे भिडस्तपणा उपयोगाचा नाही. बाकीची, एकटी येणारी, दोन-चार सेकंदांत निघून जाणारी धडधड चार दिवसांनी सवडीने डॉक्टरांना दाखवली तरी चालते. पण दाखवा, सोसायटीला नको, डॉक्टरांना.

आणि एक शेवटची विनंती. धडधड चालू असताना कुठल्याही दवाखान्यात ईसीजी निघाला, तर तो कागद मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांसाठी तो तुमच्या दहा नॉर्मल ईसीजींपेक्षा मोलाचा आहे. आपल्याकडे मोलाचा कागद हाती आला की माणूस थेट झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याला लॅमिनेशन करून आणतो. ईसीजी बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतो. लॅमिनेशनच्या मशीनमधून तो काळा ठिक्कर होऊन बाहेर येतो, आणि नुसता फाईलमध्ये ठेवला तरी काही वर्षांत पुसट होतो. त्याचा मोबाईलवर फोटो काढा, एक झेरॉक्स काढा, तारीख-वेळ लिहा. लॅमिनेशन करू नका.